डाव्या तर्जनीची कैफियत

चौतीस वर्षे महसूल खात्यात काढलेल्या माणसाच्या डाव्या हाताच्या तर्जनीला त्या अवधीत कोणी कधी काही काम सांगितले असेल, असे मला वाटत नाही. उजव्या हाताची तर्जनी लेखणी धरीत असे, तलाठ्याच्या दफ्तरातील चुकीवर नेमकी जाऊन टेकत असे, आणि समोरच्या अर्जदाराला 'उद्या या' हे न बोलता सांगण्याची हातोटीही तिने साधली होती. तिचे नावच मुळी 'तर्ज्' म्हणजे धाक घालणे या धातूवरून आले आहे, आणि त्या नावाला तिने कधी बट्टा लावला नाही. डावीचे तसे नव्हते. फाइलीची पाने उलटताना संदर्भाचे पान हरवू नये म्हणून मध्ये अडकवून ठेवायची वस्तू, एवढीच तिची नेमणूक. असे हे बिनखात्याचे बोट वयाच्या एकसष्टाव्या वर्षी गिटारच्या सहा तारांवर आडवे निजवावे आणि त्या सहाही तारा त्याने एकाच वेळी दाबून धराव्या, अशी बुद्धी मला झाली; आणि गेले सात महिने आमच्या घरात जे काही चालले आहे त्याची जबाबदारी सर्वस्वी त्या बुद्धीवर आहे.

गिटार माझी नव्हे. पुतण्या नोकरीनिमित्त परदेशी गेला तेव्हा त्याने आपली जी चीजवस्त आमच्याकडे 'तात्पुरती' म्हणून ठेवली, तीत एक प्रेशर कुकर, दोन रजया आणि ही गिटार होती. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला 'तात्पुरती' या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. कुकर सौ.ने वापरात काढला, रजया थंडीत कामी आल्या. गिटार मात्र कपाटावर बेवारस मालाच्या चेहऱ्याने तीन वर्षे पडून होती. निवृत्तीनंतरच्या एका दुपारी, वर्तमानपत्रातील सर्व मजकूर निविदासूचनांसकट वाचून संपल्यावर, मी ती खाली काढली, धूळ पुसली आणि सर्वांत जाड तार सहज छेडली. लगेच आवाज आला. माझ्या कोणत्याही कृतीचा परिणाम इतक्या तातडीने झाल्याचे चौतीस वर्षांत मला आठवत नव्हते, आणि या एका अनुभवाने मी विरघळलो.

शिकवायला मास्तर मिळाले ते लष्कर भागातले, मूळचे गोव्यातील बार्देशचे, वयाने पंचाहत्तरीच्या आसपासचे. गोव्यात एके काळी चर्चच्या शाळांतून मुलांना अक्षरओळखीबरोबरच स्वरलिपीची ओळख होत असे आणि हाती व्हायोलिन येत असे. अँथनी गोन्साल्विस किंवा सेबास्टियन डिसोझा यांच्यासारखी जी मंडळी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांचा कणा ठरली, ती याच परंपरेतली. आमच्या मास्तरांच्या वाट्याला ती कीर्ती आली नव्हती. परंतु तीच शिस्त, तोच कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि दुपारी एक ते चार या वेळात जगबुडी झाली तरी न उठण्याचा तोच निश्चय त्यांच्या ठायी होता. कचेरीत शिपायापासून नायब तहसीलदारांपर्यंत सगळे मला 'भाऊसाहेब' म्हणत. मास्तरांनी पहिल्याच दिवशी माझा हात आपल्या हातात घेतला, बैलबाजारात दात बघतात तसा उलटसुलट करून पाहिला, आणि म्हणाले, "नखं काप रे पुता." मला 'पुता' म्हणणारे माणूस या पृथ्वीतलावर उरले असेल याची मला कल्पना नव्हती. मी निमूटपणे नखे कापली.

पहिला महिना सुखाचा गेला. अनेक स्वर एकाच वेळी वाजले की त्या मेळाला हे लोक कॉर्ड म्हणतात. आपल्याकडे त्याला 'स्वरसंघात' असा भारदस्त शब्द आहे, पण तो उच्चारताना शेवटी 'घात' असे ऐकू येते, आणि शिकाऊ माणसाच्या बाबतीत जे ऐकू येते ते बरोबरच असते. ई मायनर दोन बोटांत भागते. ए मायनर, सी, डी, जी यांना तीन-तीन बोटे पुरतात, उरलेल्या तारा मोकळ्या वाजतात. म्हणजे निम्मा कारभार आपण करावयाचा आणि निम्मा परमेश्वरावर सोपवावयाचा, ही जी आपली जुनी वहिवाट, तिच्याशी हे सारे सुसंगतच होते. मी पाच कॉर्डी महिन्याभरात बसवल्या, जिन्यात भेटणाऱ्यांना सहज बोलता बोलता हाताच्या बोटांचे घट्टे दाखवू लागलो, आणि एखाद्या छोट्या समारंभात कोणी आग्रह केलाच तर काय वाजवावे याचाही विचार मनाशी करून ठेवला. तेव्हा मास्तर म्हणाले, "आता एफ."

एफ मेजरला टाळून गाणे म्हणजे मधला जिना टाळून तिसऱ्या मजल्यावर जाणे. सी हा षड्ज धरला तर एफ हा त्याचा मध्यम, आणि सा, म, प या तीन मुक्कामांवर पश्चिमेकडची निम्मी गाणी उभी असल्याने चौथ्या-पाचव्या ओळीला एफ दारात येऊन उभाच राहतो. त्याच्या अंगी वास्तविक काहीही दुष्टपणा नाही. आपल्या पेटीवरचे पांढरी चार, पांढरी सहा आणि वरची पांढरी एक, हे तीन स्वर म्हणजे एफ मेजर. पांढरी चार षड्ज मानला तर नुसता सा, ग, प. इतका सात्त्विक स्वरमेळ मनुष्याच्या हाताला इतका छळू शकतो याचे कारण गिटारच्या रचनेत आहे. ई, ए, डी, जी, बी, ई अशा मिळवलेल्या सहा तारांपैकी ए वगळता एकही मोकळी तार मूळच्या सुरात या मेळात बसत नाही, आणि पूर्ण आकारात तीही मोकळी सोडत नाहीत, सबब सहाच्या सहा दाबल्या पाहिजेत. आणि बोटे चार. म्हणून तर्जनीने सहाही तारांवर आडवे पडावे, मध्यमेने तिसरी तार दुसऱ्या पडद्यावर धरावी, अनामिकेने पाचवी आणि करंगळीने चौथी तार तिसऱ्या पडद्यावर धरावी, आणि अंगठ्याने मागून मानेला आधार द्यावा, असा हुकूम आहे. या आडव्या पडण्याला स्पॅनिश लोक 'सेहा' म्हणजे भुवई म्हणतात, असे मास्तरांनी सांगितले. माझी भुवई पहिल्या दिवसापासून वर चढलेली आहे, ती अजून खाली आलेली नाही.

पहिल्या प्रयत्नाला जो ध्वनी निघाला त्याला नाद म्हणता येणार नाही. ओल्या रजईवर काठी मारली असता येतो तसा 'थड्' असा काहीतरी आवाज आला. मास्तरांनी डोळे मिटले. मग त्यांनी एकेक तार स्वतंत्रपणे छेडायला सांगितली, म्हणजे दोष नेमका कोठे आहे ते कळते, आणि आमच्या खात्यात जिला पंचनामा म्हणतात ती कारवाई सुरू झाली. सहावी तार हजर, पण घसा बसलेला. पाचवी हजर. चौथी, करंगळीच्या ताब्यातली, मुकी. तिसरी झरझरते आहे, म्हणजे पडद्याला निसटता स्पर्श करीत आहे. दुसरी पूर्णपणे गैरहजर. पहिली कधी वाजते, कधी वाजत नाही, आणि विचारले असता कारण सांगत नाही.

दुसऱ्या तारेच्या गैरहजेरीचे कारण शोधण्यात माझे तीन आठवडे गेले, आणि ते सापडले तेव्हा मी माझ्या स्वतःच्या बोटाकडे प्रथमच नीट पाहिले. बोट ही एकसंध, सरळ वस्तू आहे अशी आपली समजूत असते. ती खोटी आहे. सांध्याच्या ठिकाणी कातडीला घडी असते, तिथे खळगा असतो, आणि नेमकी दुसरी तार त्या खळग्यात जाऊन, पावसात आडोशाला उभ्या राहिलेल्या माणसासारखी, निवांत बसत होती. तिच्यावर कितीही दाब द्या, तो दोन्ही बाजूंच्या मांसावर जाई. हिला झळ लागत नसे. बोट किंचित वर सरकवले की ती बाहेर येई आणि तिसरीची पाळी येई. शेवटी बोट अंगठ्याच्या बाजूला जरासे कुशीवर वळवायचे, म्हणजे जिथे मांस कमी आणि हाड जास्त ती कडा तारांवर येते, असा इलाज मास्तरांनी सांगितला. रात्री झोपण्यापूर्वी दिव्याखाली तर्जनी धरली तर तिच्या कडेवर सहा तांबड्या समांतर रेषा उमटलेल्या दिसत, सातबाऱ्याच्या रकान्यांसारख्या. मी त्यांच्याकडे पाहून मनोमन नोंद घेई: कब्जेदार, इतर हक्क, बोजा.

इतर बोटांबद्दलही या काळात माझे मत फार पालटले. हाताची पाचही बोटे सारखी नसतात हे वाक्य आपण दुसऱ्यांच्या मुलांबद्दल बोलताना उदारपणे वापरतो. ते शब्दशः खरे आहे हे कळण्यासाठी गिटार घ्यावी लागते. मध्यमा कामाला चोख निघाली. तीच एकटी या मेळातला गांधार धरून असते, आणि तिने तार सोडली व खालची तर्जनी त्या तारेवर घट्ट असली, तर तोच मेळ कोमल गांधाराचा, म्हणजे एफ मायनर होतो आणि हसते गाणे क्षणात रडू लागते. इतकी जोखीम शिरावर असूनही तिने कधी गाजावाजा केला नाही. अनामिका मात्र नावाप्रमाणेच; तिला हाक मारावी तर कोणत्या नावाने, म्हणून की काय, ती हाकेला ओ देत नाही, आणि करंगळी हलली की आपणही तिच्यामागे ओढली जाते. आणि करंगळी! कवींची गणना करताना कालिदासाचे नाव जिच्यावर घेतले गेले, गोवर्धन पर्वत जिच्यावर तोलला गेला, ती ही करंगळी. इतकी उज्ज्वल पूर्वपीठिका असताना एक तार दाबा म्हटले तर थरथर कापते. कृष्णाने पर्वतच उचलला, चौथ्या तारेच्या वाटेला तो गेला नाही, यातले शहाणपण मला आता उमगते.

एवढी मेहनत करूनही यश येईना, तेव्हा मी अनुभवी कारकुनाप्रमाणे दोष वस्तूत आहे काय याची चौकशी आरंभली. एका लाकडी पट्टीने मोजमापे घेतली. घोडीपासून वरच्या हाडाच्या पट्टीपर्यंत, तंबोऱ्यावर जिला अटी म्हणतात त्या जागेपर्यंत, तारेची लांबी सुमारे 65 सेंटिमीटर भरली, आणि पहिला पडदा अटीपासून साडेतीन सेंटिमीटरांहून थोडा अधिक दूर. हे अंतर कोणा सुताराच्या मर्जीने ठरलेले नाही. प्रसिद्ध गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली हे ल्यूट नावाच्या तंतुवाद्याचे वादक आणि संगीताचे शास्त्री. दर पडद्याला उरलेल्या तारेचा अठरावा हिस्सा सोडीत जावे, असा नियम त्यांनी सोळाव्या शतकात मांडला, आणि थोड्या सूक्ष्म दुरुस्तीने तो आजही चालतो. मुलाने पृथ्वी हलवली म्हणून त्याच्यावर खटला भरला. वडिलांनी पहिला पडदा इतका दूर ठेवला, त्याबद्दल मात्र त्यांना कोणी जाब विचारल्याचे ऐकिवात नाही. पुढे पुढे पडदे जवळ येत जातात, पाचव्या पडद्यापाशी तर अंतर तीन सेंटिमीटरांच्याही आत येते. म्हणजे नवशिक्याची गाठ जिथे पडते तिथेच बोटांना सर्वांत जास्त पसरावे लागते. शिवाय कपडे वाळत घालायची दोरी मधोमध एका बोटाने लवते, पण खुंटीलगत दाबू गेले तर हात भरून येतो. पहिला पडदा हा असा खुंटीलगतचा. आणि पोलादी तारांचा पूर्ण संच सुरात लावला म्हणजे गिटारच्या मानेवर 70 किलोंच्या आसपास ताण असतो. माझे स्वतःचे वजन 64 किलो. म्हणजे कोण कोणाला धरून बसले आहे, हा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता.

हा सर्व अहवाल मी मास्तरांपुढे ठेवला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "जँगो रेनहार्ट माहीत आहे?" बेल्जियममध्ये जन्मलेला, भटक्या जमातीतला हा वादक, 1928 साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागून डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी कायमची आखडली, आणि त्यानंतर मुख्यतः दोन बोटांच्या बळावर तो असा वाजवू लागला की चार बोटांच्या लोकांनी तोंडात बोटे घातली. एवढे सांगून मास्तर माझ्या धडधाकट चार बोटांकडे नुसते पाहत राहिले. जगात प्रत्येक विद्येत असा एक मनुष्य होऊन गेलेला असतो, ज्याची हकिकत सांगितली असता आपली सबब तोंडातल्या तोंडात विरते. अशा माणसांबद्दल मला आदर आहे. पण मास्तरांना ती ठाऊक असणे ही गोष्ट मला तितकीशी आवडत नाही.

मग मी आडवाटा शोधल्या. कपो नावाचा एक चिमटा मिळतो. तो पहिल्या पडद्यावर लावला की सहाही तारा आपोआप दाबल्या जातात, आणि वर साधा ई मेजरचा आकार धरला की खाशी एफ मेजर वाजते. म्हणजे तर्जनीने आपले कुलमुखत्यारपत्र एका स्प्रिंगच्या नावे करून द्यावयाचे आणि आपण घरी बसावयाचे. चार दिवस मी स्वर्गात होतो. पाचव्या दिवशी मास्तर आले, त्यांनी एक शब्द न बोलता चिमटा काढला, आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकला, आणि तो मला आजतागायत परत मिळालेला नाही. जप्तीची इतकी मोघम कारवाई, ना पावती ना पंच, मी तरी कधी केली नव्हती.

घरचे वातावरण या काळात सहानुभूतीचे होते, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. सौ.च्या मनात गिटार म्हटली म्हणजे लहानपणी रेडिओवर लागणाऱ्या सिनेमाच्या गाण्यांच्या धुना, त्या लांबलचक, मधाळ मींडेच्या. "ती गोड वाजायची हो," ती म्हणाली, "ही काय निराळी जात आहे का?" मी तिला सांगितले की ती हवाईयन गिटार, मांडीवर आडवी घेऊन डाव्या हातात पोलादी कांडी धरतात आणि ती तारांवरून फिरवतात, तिथे बोटे दाबायचा प्रश्नच येत नाही. "मग तीच का नाही शिकलात?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही. त्याच संध्याकाळी तिने आपली पेटी काढली. लग्नाआधी ती गायनाच्या परीक्षा देत असे, पेटी तेव्हापासूनची. तिने मला विचारले की तुमच्या त्या एफमध्ये कोणते सूर लागतात. मी सांगितले. तिने भाता एकदा हलवला, तीन बोटे तीन पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवली, आणि तो स्वरमेळ असा भरून उमटला की गॅसवरच्या आमटीच्या दरवळासारखा तो खोलीभर पसरला. "हेच ना?" ती म्हणाली, आणि आमटी उतू जाईल म्हणून उठून गेली. 1940 साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत टिकली, या निर्णयाबद्दल मी तरुणपणी फार संतापाने बोलत असे. त्या संध्याकाळी त्यामागची दृष्टी मला थोडीशी समजली.

नोव्हेंबर आला तसा निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला द्यायचा महिना आला. आपण जिवंत आहोत हे सांगायला आता यंत्रावर बोट ठेवले तरी चालते. मी सवयीने गिटारच्याच हाताची तर्जनी ठेवली. यंत्राने ती नाकारली. मध्यमा ठेवली, तीही नाकारली. करंगळीचा तर यंत्राने विचारही केला नाही. काचेपलीकडच्या तरुणाने माझ्या बोटांची टोके पाहिली आणि आपुलकीने विचारले, "काका, शेती करता का?"

"नाही," मी म्हणालो, "एफ करतो."

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि उजवा हात मागितला. त्या हाताने मी जिवंत ठरलो.

पाचव्या महिन्यात मास्तरांनी निराळा उपाय काढला. तर्जनी आडवी टाकून तोच आकार पाचव्या पडद्यावर धरायला सांगितला. तिथे तो ए मेजर होतो, पडदे जवळ असतात, तारा लवचिक असतात. तिथे तो वाजला. संपूर्ण वाजला, सहाही तारा. मग दर आठवड्याला एक पडदा खाली, चौथा, तिसरा, दुसरा, अशी माझी क्रमाक्रमाने पदावनती होत मी पुन्हा पहिल्या पडद्यावर आलो, आणि तिथे 'थड्'.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी स्वरलेखाचा कागद घेऊन बसलो आणि केवळ जुन्या सवयीने हिशेब ताळून पाहू लागलो. सहा तारा. पाचवी तार अनामिकेकडे. चौथी करंगळीकडे. तिसरी मध्यमेकडे. मी थांबलो. पुन्हा मोजले. ज्या तारा ही तीन बोटे पुढच्या पडद्यांवर आधीच धरून बसली होती, त्यांच्यावर मागे तर्जनी दाबली काय आणि न दाबली काय, आवाजात कवडीचा फरक पडत नव्हता. तर्जनीच्या प्रत्यक्ष कारभारात सहावी, दुसरी आणि पहिली अशा तीनच तारा होत्या. मधल्या तीन गावांचा वसूल दुय्यम अधिकारी परस्पर करीत होते आणि हा बिचारा प्रांत, सहाही गावांना जातीने हजर राहण्याच्या खटाटोपात, महिनोन्महिने घाम गाळीत होता. बोटाला किंचित बाक देऊन मधला भाग सैल सोडला, वरच्या टोकाने सहावी आणि बुंध्याने शेवटच्या दोन धरल्या, की काम भागत होते. शिवाय हे चिमटीने दाबायचे नसते. कोपर शरीराशी घेऊन सगळा हात खाली लोंबू द्यायचा, म्हणजे हाताचे वजनच बोटाला मागे खेचते आणि अंगठ्याला पकड घ्यावी लागत नाही. आपल्याकडे 'बोटचेपेपणा' हा शब्द निंदेचा आहे. तो ज्याने रूढ केला त्याने कधी एफ मेजर धरला नसावा.

सकाळी मी मास्तरांकडे गेलो ते जवळजवळ भांडायच्याच तयारीने. तर्जनीला तीनच तारा सांभाळायच्या आहेत, हे तुम्ही मला पहिल्या दिवशी का सांगितले नाही, असे मी विचारले. मास्तर पाव चहात बुडवून खात होते. त्यांनी तो घास संपवला.

"तू विचारलंस कुठं?"

मी उभा होतो तो खाली बसलो. कारण हे वाक्य माझेच होते. अर्जासोबत तिसरी प्रत लागते, नकाशा लागतो, वारसांची यादी लागते, हे आधी का नाही सांगितले म्हणून खेड्यातून आलेला माणूस टेबलापाशी उभा राही, तेव्हा चौतीस वर्षे मी हेच म्हणत आलो होतो, आणि तेही चहा पिता पिताच. मास्तरांनी दुसरा पाव माझ्यापुढे केला. "बस, पुता. सवकाश."

एफ आता वाजतो. दहात सात वेळा वाजतो, आणि उरलेल्या तीन वेळांचे खापर मी हवेतल्या दमटपणावर फोडतो. परंतु ज्यांना वाटते की कॉर्ड वाजली म्हणजे ती आली, त्यांनी अद्याप गाणे वाजवलेले नाही. मिनिटाला 80 मात्रांच्या लयीत चार मात्रांचे एक आवर्तन तीन सेकंदांत संपते. सी सोडून एफ धरायला मला नऊ सेकंद लागतात. आधी तर्जनी निजते, मग मध्यमा जागा शोधते, मग अनामिका आणि करंगळी यांच्यात थोडी बोलाचाली होते, आणि सर्व मंडळी स्थानापन्न होऊन मी समाधानाने मान वर करतो, तो गाणे तीन आवर्तने पुढे निघून गेलेले असते. सुटलेल्या गाडीमागे फलाटावर धावणारा गृहस्थ आणि मी यांच्यात फरक इतकाच की त्याच्या हातात वळकटी असते.

परवा संध्याकाळी सौ. ओट्यापाशी बसून मेथी निवडत होती आणि एक जुने भावगीत गुणगुणत होती. तरुणपणी ती काळी चारात गात असे. आता आवाज उतरत उतरत पांढरी चारवर येऊन थांबला आहे. पांढरी चार म्हणजे एफ. म्हणजे तिचा षड्ज आणि माझा छळ हे एकाच पट्टीवर राहायला आले होते, आणि समेला दर वेळी तिथेच परतायचे होते. मी गिटार घेऊन दारात स्टूल टाकून बसलो. तिने मान वर केली नाही, पण लय किंचित संथ केली. गाण्यात मध्यम येई तिथे बी फ्लॅट हवा होता. ती दुसरी एक आडवी कॉर्ड, तिची सुनावणी अजून व्हायची आहे, तेव्हा तिथे मी तारांवर हात ठेवून गप्प राहिलो. पंचमाला सी होता, तो वाजवला. आणि ओळ वळून समेकडे निघाली. मी सी सोडला. तर्जनी निजली. मध्यमा बसली. सम आली, तिचा षड्ज लागला, आणि माझी अनामिका अद्याप वाटेतच.

ती पुढच्या ओळीवर गेली नाही. हातातली मेथीची काडी तशीच धरून तिने तो षड्ज लावून ठेवला. एक आवर्तन, दुसरे आवर्तन, आवाज जराही न हलवता, नजर माझ्या करंगळीवर. करंगळी पोचली. मी तारा छेडल्या. सहाही वाजल्या. तिचा श्वास त्याच सुमारास संपला.

"पोचलात का?" तिने विचारले, आणि पुढची जुडी ओढली.